बाबांचा तांबूस दगड

पूर्णगडच्या आमच्या घरी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक तांबूस दगड लावलेला असायचा. नारळाएवढा, खडीसाखरेसारख्या दाण्यांचा. आमच्याकडे एक तर काळा कातळ, नाही तर जांभा, त्यामुळे तो परका हे लगेच कळायचं. बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. सेशेल्सच्या एका बेटावरून आपण तो उचलून आणला, हे ते येईल त्याला सांगत. त्यावर आई म्हणायची, कसलं बेट, माझ्या माहेरी परसामागून वाहतो त्या व्हाळातला आहे तो, कुडाळहून येताना पिशवीत टाकलेला. सगळे हसत. मीही हसायचो, आणि बाबा थापा मारतात हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं.

पुढे मी भूविज्ञानाचा प्राध्यापक झालो. पृथ्वीच्या कवचाचे जुने तुकडे मुळात कुठले, हे शोधणं हेच माझं काम. आमचा तो दगड ग्रॅनाइटचा, आणि ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन या खनिजाचे बारीक कण असतात. त्यांतल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. दोन्हींची समस्थानिकं मोजली की दगडाचं वय निघतं. सेशेल्स म्हणजे भारत उत्तरेला सरकताना समुद्रात मागे राहिलेला तुकडा. तिथला ग्रॅनाइट सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांचा, आणि कुडाळकडचे जुने खडक त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे आईचं खरं की बाबांचं, हे आता ठरवता येणार होतं. मला कोण उत्साह!

सुट्टी संपवून निघताना मी दगड पिशवीत घातला. बाबांनी विचारलं, तर कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवतो म्हणालो. ते खूश झाले. खाली बेटाचं नाव लिही, एवढंच म्हणाले. मी तो दगड यंत्रात घालून त्याचं पीठ केलं. कोपरा फोडूनही भागलं असतं. कण कमी पडायला नकोत, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्या दगडाची मला किंमतच नव्हती.

निकाल आला. वय पंचाहत्तर कोटी, बाकीच्या खुणाही सेशेल्सच्याच. मी कागद नाचवत घरी गेलो आणि ओटीवर बसलेल्या बाबांना म्हणालो, "बाबा, तुमचा दगड खरंच तिकडचा निघाला."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "म्हंजे मी सांगत होतो ता तुला खोटा वाटला?" मग म्हणाले, "दगड कुठं हाय?"

मी सांगितलं. ते उठून आत गेले. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, अरे, ती माझी थट्टा होती. बोटीवरून आलेल्या ट्रंकेतून तो दगड मीच माझ्या हाताने काढला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर बाबांनी जहाजावरची एकही गोष्ट सांगितली नाही. माझी मुलगी मागे लागली की म्हणत, "तुज्या बापाला इचार. तो तपासून सांगेल."

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता ती खरोखरच मला विचारते, आणि मला त्यांच्या बोटीचं नावसुद्धा सांगता येत नाही.