डाव्या अंगाचा चौथा डोळा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. मी पोस्टात काम करते. पत्र पोचलं नाही म्हणजे ते कुठेतरी अडकलेलं असतं, आणि नीट शोधलं तर सापडतं — एवढंच मला कळतं. ही एक गोष्ट मात्र तीन वर्षं शोधूनही सापडली नाही, म्हणून न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहून पाठवते आहे. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

मी मौद्याला राहते. माझी धाकटी बहीण बेबी नागपूरला, सक्करदऱ्याच्या तलावापासून पाच मिनिटांवर. घरात ती, तिचे यजमान विनायकराव आणि तिच्या सासूबाई. त्यांना आम्ही दोघीही आत्याबाई म्हणतो. आत्याबाई खाप्याकडच्या. सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या रोपावर संत्र्याची कलमं बांधायची, हे त्यांचं काम. चांगल्या झाडाच्या फांदीवरून कोंब यायची जागा सालीसकट कापून काढतात, तिला ‘डोळा’ म्हणतात. तो जंबेरीच्या सालीत बसवून बांधला की खालचं झाड, म्हणजे खुंट, जंबेरीचं आणि वर फळ संत्र्याचं. आत्याबाईंनी बांधलेला डोळा वाया जात नसे, असं तिकडे अजून सांगतात.

बेबीची पाळी अठ्ठाविसाव्या वर्षीच बंद झाली. खूप डॉक्टर झाले. शेवटी परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर भेटले. ते म्हणाले, “गर्भाशय उत्तम आहे, पण बीज संपलंय. सख्ख्या बहिणीचं बीज मिळालं तर करून बघता येईल.” आणि लगेच हेही सांगितलं की हे एकदाच. औषध मुंबईहून बर्फात घालून यायचं, ते एका वेळेपुरतंच मिळालं होतं. आणि माझं वय पस्तीस. “वर्षभरानं विचाराल तर मी नाही म्हणेन,” असं ते स्वच्छ बोलले.

मला दोन मुलगे. दुसऱ्याच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. आमचे हे म्हणाले, “तुझं तर ऑपरेशन झालं ना? मग बीज कुठून देणार?” मी डॉक्टरांना तेच विचारलं. ते हसले. “बाई, रस्ता बंद केलाय. दुकान चालू आहे.”

मी बारा दिवसांची रजा टाकली आणि बेबीकडे राहायला आले.

या कामात काय काय होतं ते इथे सांगून ठेवते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी कमरेत इंजेक्शन. तिसऱ्या दिवसापासून खुर्चीवर तिरकं बसावं लागतं. पोट फुगतं, साडीची गाठ सैल करावी लागते, आणि उगीचच चिडचिड होते. एक दिवसाआड सोनोग्राफी. त्यासाठी आधी तांब्याभर पाणी पिऊन, लघवी धरून बाकावर बसायचं. पडद्यावर काळे ठिपके दिसतात, त्या बीजाच्या पिशव्या. त्या मोठ्या झाल्या की भूल देऊन, पोटाला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बीज काढतात. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. पोटात हवा भरलेली असते म्हणून. घाबरू नये.

आत्याबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. कारण विचित्र होतं. घर माळकरी, अंड्याचं नावही चालायचं नाही. विनायकराव एकदा शेजारच्यांच्या फोनवर डॉक्टरांना विचारत होते, “अंडी नेमकी कधी काढायची?” ते शेजारणीनं ऐकलं आणि तिनं आत्याबाईंना येऊन सांगितलं. आत्याबाईंनी त्या दिवशी स्वयंपाकघरातलं एकेक भांडं हुंगलं, मग चिंचेनं घासून उन्हात ठेवलं. बेबीला म्हणाल्या, “नवरा बाहेर खाऊन राहिला तर खाऊ दे. माह्या चुलीवर नाही.” तेव्हापासून आम्ही ‘बीज’ म्हणू लागलो, तेही दार लावून. आत्याबाईंना एवढंच माहीत होतं की कुसुमच्या, म्हणजे माझ्या, पोटात गाठ आहे आणि ती काढायची आहे.

बीज काढायच्या आदल्या दिवशी शेवटची सोनोग्राफी झाली. उजवीकडे तीन पिशव्या. डावीकडे काही नाही. डॉक्टर बराच वेळ फिरवून बघत होते. म्हणाले, “डावी बाजू झोपलीय. तीन आहेत, तीनवर भागवू.” त्यांनी तोंड हसरं ठेवलं होतं, पण त्यांना पाच-सहा तरी हव्या होत्या, हे मला माहीत होतं.

दुपारी तीनच्या सुमारास मी अंगणात बसले होते. आत्याबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. बेबी आत झोपलेली, विनायकराव ऑफिसात. आत्याबाईंनी मान वर न करता म्हटलं,

“तीन डोळ्यांनं काही होत नाही वं. त्यातले दोन पोकळ, एक कवळा.”

मला वाटलं, बागेची आठवण निघाली. मी म्हटलं, “कुठल्या झाडाचे, आत्याबाई?”

“चौथा डोळा घेजो. डाव्या अंगाले हाये, मागच्या बाजूनं लपला.” आणि असं म्हणताना त्यांनी स्वतःच्या ओटीपोटाच्या डाव्या बाजूला हात दाबून दाखवला. मग सुपातला खडा उचलून फेकला आणि विचारलं, “चहा मांडतं का तू, का मी उठू?”

मी चहा मांडला. विचार करायचा नाही असं ठरवलं. बेबीला सांगितलं नाही, ती आधीच अर्धी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेबलावर घेतलं. हाताला सुई लावली. मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण न सांगता भूल घेतली असती तर जन्मभर टोचत राहिलं असतं. मी म्हटलं, “डॉक्टर, डावीकडे मागच्या बाजूनं एकदा बघाल का?”

“काल बघितलं की आपण. का? दुखतंय का?”

“नाही. आमच्या बेबीच्या सासूबाई म्हणाल्या.”

“त्या डॉक्टर आहेत?”

“नाही. संत्र्याची कलमं बांधायच्या.”

भूल देणारे डॉक्टर खो-खो हसले. आमचे डॉक्टर हसले नाहीत. “बघतो,” म्हणाले. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खाटेवर बेबी होती. तिचंही काम झालं होतं. त्या पद्धतीत बीज आणि नवऱ्याचं शुक्रबीज एकत्र करून लगेच तिच्या गर्भाशयाच्या नळीत सोडतात. डॉक्टर माझ्याजवळ येऊन स्टुलावर बसले. टोपी अजून डोक्यावरच होती.

“उजवीकडच्या दोन पिशव्यांत काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “तिसऱ्यातलं बीज कच्चं होतं, कामाचं नाही.”

मी विचारलं, “मग?”

“डावी बाजू उचलून मागून बघितली. आतड्याच्या आड एक पिशवी होती. एकच, पण उत्तम. तेच एक सोडलंय.” मग म्हणाले, “त्या बाईंना कोणी काय सांगितलं होतं?”

“कोण काय सांगणार? तुम्हाला तरी माहीत होतं का?”

ते उठून गेले.

मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला. आमच्यापैकी कोणी फोडलं असेल? पण चौथ्या पिशवीची बातमी फोडायला ती कोणाला माहीत तर हवी! मशीनलाही दिसली नव्हती. अंदाज लागला असेल? डावं, मागे, चौथं. त्यात दोन पोकळ आणि एक कच्चं… इतके अंदाज एकदम? बागेच्याच आठवणी असतील, तर स्वतःच्या पोटाला हात का लावला?

शेवटी आठवड्यानं बेबीला बघायला गेले, तेव्हा सरळ आत्याबाईंनाच विचारलं. “त्या दिवशी तुम्ही चौथा डोळा म्हणाल्या, तो कोणता?”

“कोणता डोळा? मले तर दोनच हायेत, त्यातला एक मोतीबिंदूवाला.”

“डाळ निवडताना म्हणाल्या होत्या.”

“काहून थट्टा करून राहिली वं म्हातारीची?” त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. आत्याबाईंना खोटं बोलता येत नाही, बोलल्या की लगेच पदर नीट करतात. पदर जिथल्या तिथे होता.

बेबीला दिवस राहिले. नऊ महिने सरळ गेले आणि मुलगी झाली, सहा पौंडांची. बारशाच्या आधी बेबीनं आत्याबाईंना सगळं सांगायचं ठरवलं. माझा विरोध होता. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे. बेबीनं ऐकलं नाही. माझ्यासमोरच सांगितलं. नात परकी ठरली तर काय, हीच तिची भीती.

आत्याबाईंनी बाळाचं दुपटं घट्ट करत सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे डोळा कुसुमचा अन् खुंट तुहा.”

“हो.”

“मंग त्यात रडाचं काय हाये? आमची अख्खी बाग तशीच हाये.” आणि माझ्याकडे वळून, “तू वं? गाठ म्हणून सांगतलं मले. मी तुह्यासाठी शनिवार धरले होते, उपाशी.”

मला त्यांची माफी मागावी लागली.

मुलगी आता सव्वादोन वर्षांची आहे. मला मावशी म्हणते. ते बरोबरच आहे, मला दुसरं काही वाटत नाही, आणि लोकांना वाटतं तसं काही वाटायला हवं असंही नाही. बीज द्यायचं की नाही या विचारात असलेल्या बायकांना माझं सांगणं एवढंच, की भीती वाटते त्यापेक्षा ते सोपं असतं. त्या दुपारचं मात्र मी काहीच सांगू शकत नाही. मला त्याचा अर्थ लागला नाही.

गेल्या महिन्यात पोटाच्या तपासणीसाठी त्या डॉक्टरांकडे गेले होते. निघताना ते सहज म्हणाले की आता दुर्बीण घातली की ते प्रत्येकीची डावी बाजू उचलून मागून बघतात.

“काहून?” मी विचारलं.

“सवय लागली.”

“आणखी कोणाची सापडली?”

“अजून नाही,” ते म्हणाले. “पण बघतो.”