दादाच्या सायकलीची नवी चाकं

माझा मोठा भाऊ आष्टी-आलापल्ली रस्त्यावर ओढ्यावरच्या एका रपट्याच्या उतारावर वारला. मोहफुलांचे दिवस होते, सकाळची वेळ. सागवान घेऊन निघालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला सगळ्यात आधी पाहिलं. सायकल त्याच्या पायांवर आडवी पडली होती आणि तिचं पुढचं चाक दुमडून गेलं होतं. कोपर खरचटलेलं, कपाळावर टेंगूळ, बाकी अंगावर कसलीच जखम नव्हती. चिरफाड करू द्यायला आई तयार झाली नाही. त्यामुळे लोकांनीच ठरवलं, चाक मोडलं, भाऊ डोक्यावर पडला, आतून मार लागला.

असं ठरवायला कारणही होतं. आमच्या घरात सगळे अंगाने थोराड. बाबा तसे होते, दादा तसा होता, मी तशीच आहे. बाबा शाळेत फळ्यासमोर उभे असतानाच कोसळले तेव्हा मी लहान होते. दादा चामोर्शीला कचेरीत कारकून होता, रोज एसटीने जायचा-यायचा. सायकल त्याची फक्त रविवारची. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्याने ती घेतली होती. खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची, हातात उचलावी इतकी हलकी. तसली सायकल आष्टीत दुसरी नव्हती. रविवारी उजाडता उजाडता तो निघायचा. रस्त्यात कुणी विचारायचं, "कुठी चाल्ले, भाऊ?" तो म्हणायचा, "कुठीच नाई. फिरून राह्यलो." काम नसताना घामाघूम होणारा माणूस म्हणून लोक त्याला हसायचे. तोही त्यांच्यासोबत हसायचा.

त्या सायकलीची चाकं त्याच्या वजनाला पुरत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या चाकाच्या तारा तटकन तुटायच्या. चाक डुगडुगायचं, ब्रेकला घासायचं. चंद्रपूरला जाऊन भारी चाकं बसवून आणतो, असं तो दर सणाला म्हणायचा. कधी गेला नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस झाला, पाहुणे गेले, आणि आईने सायकल सरपणाच्या खोलीत नेऊन तिच्यावर जुनी चादर टाकली. भंगारवाल्याला द्यायची म्हणाली, पण भंगारवाला दारात आला की ती घरात नसायची.

मग तो आवाज सुरू झाला. दादा घरी यायचा तेव्हा फाटकापाशी उतरून सायकल हाताने ढकलत आणायचा आणि मागच्या चाकाची टिकटिक अंगणभर ऐकू यायची. एका संध्याकाळी आई चुलीपाशी बसली होती. एकदम उठली आणि तिने चहाचं भांडं ठेवलं. दोन कपांचं. मी विचारलं, कोण आलं? तिने साखर घातली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच. मला वाटलं, बिचारीचं मन आहे, होतं असं. पुढे एका संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. टिकटिक मलाही ऐकू आली. सावकाश, माणूस चालतो त्या चालीने, फाटकापासून पायरीपर्यंत. मी मान वर केली नाही. सूप धरून तशीच बसून राहिले. आवाज थांबल्यावर सरपणाच्या खोलीत जाऊन पाहिलं तर चादर होती तशीच होती. त्या दिवशी चहा मी ठेवला.

याबद्दल आम्ही मायलेकी एकमेकींशी कधी बोललो नाही. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला. चाक आधी मोडलं आणि तो पडला, की तो पडला म्हणून चाक मोडलं? शाळेत मुलांना गणित शिकवता शिकवता मी मध्येच थांबायची. त्या रपट्यावरून एसटी जायची तेव्हा मी खिडकीतून उताराकडे बघायची आणि एसटी पुढे निघून जायची. तिथे त्याच सायकलवर, माझ्या पायांनी जायला हवं, असं मला वाटू लागलं. लहानपणी दादानेच मला भाड्याच्या सायकलवर शिकवलं होतं. आता त्याच्या सायकलला माझं वजन झेपेल अशी चाकं हवी होती.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुले पन जायाचं हाय का त्याच्यामागं?" मी म्हटलं, म्हणूनच मजबूत चाकं घालते. ती उठून आत गेली. पण सायकल एसटीच्या टपावर चढवायच्या दिवशी तिनेच मागून धरून दिली.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण सायकलीचं सामान घ्यायचं तर अजूनही चंद्रपूरच. तिथे एका गल्लीत ओळीने सायकलीची दुकानं होती. मी सायकल मागच्या चाकावर ढकलत, दुमडलेलं पुढचं चाक काखेत धरून पहिल्या दुकानात शिरले. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवलेला. त्याने सायकल पाहिली आणि विचारलं, कोण बसणार? मी म्हटलं, मीच. क्षणभर कुठे बघावं ते त्याला कळेना. मग त्याने खुर्ची पुढे केली.

आधी त्याने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा दाखवल्या. एका बोटावर तोलून धरल्या. या सायकलीला याच शोभतात, म्हणाला. मी विचारलं, वजन घेतील का? तो हसला. "हलकं पाह्यजे का मजबूत, ते ठरवा. दोन्ही नाई भेटत."

मी मजबूत म्हटलं. मग दुपारभर शोधाशोध चालली. साध्या काळ्या सायकलीची मोठी लोखंडी चाकं लावून पाहिली, तर टायर चाक बसतं त्या चिमट्याला घासत होता. शेवटी त्याने सव्वीस इंची लोखंडी रिंगा काढल्या, रुंद टायरच्या. चाक लहान तितकं दमदार, पण रिंग खाली गेल्यामुळे ब्रेक तिच्यापर्यंत पोचेना. मग लांब हाताचे ब्रेक आले. तारांचं मी विचारलं. नेहमीच्या तारा नकोत, सायकल-रिक्षाला असतात तशा जाड घाला, म्हटलं. हबची भोकं वाढवावी लागतील, तो म्हणाला. वाढवा, म्हटलं. मागच्या चाकाची फ्री, जी टिकटिक करते ती, झिजलेली होती, तीही नवी घातली. एवढं कशाला, असं त्याने एकदा विचारलं तेव्हा मी काखेतलं चाक त्याच्यापुढे ठेवलं आणि कुणाचं ते सांगितलं.

तो बराच वेळ ते चाक हातात फिरवत राहिला. मी माझा प्रश्न त्याला विचारला. असं चाक दोन्ही तऱ्हेने होतं, तो म्हणाला, मला नाही सांगता येत. एवढंच बोलून त्याने ते हळूच भिंतीला टेकवून ठेवलं आणि नव्या चाकाच्या तारा आवळायला बसला. एक तार आवळायची, चाक फिरवायचं, रिंगेपाशी खडू धरायचा, कुठे लागतो ते पाहायचं, पुन्हा आवळायची. ते पाहत बसले असताना मला पहिल्यांदा वाटलं की दादा इथे माझ्या बाजूला बसायला हवा होता. हे सगळं त्याला किती आवडलं असतं.

गल्लीत बसून पाहा, मालक म्हणाला. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि चढले. दुकानातले, बाहेरचे, पानठेल्यावरचे, सगळे बघत होते. सायकल बुटकी झाली होती आणि जड झाली होती. पण माझ्याखाली ती कुरकुरली नाही. जुनं चाक मी तिथेच सोडलं. एसटीत बसल्यावर मात्र वाटलं, आपण कुणाला तरी मागे ठेवून चाललो आहोत, आणि कंडक्टरने तिकीट विचारलं ते मला दोनदा ऐकू आलं नाही.

घरी आले. सायकल अंगणातून आत नेताना आई दारात उभी होती. ती कान देऊन ऐकत होती. "आवाज बदलला," म्हणाली. त्यानंतर संध्याकाळचं ते येणं थांबलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

पुन्हा मोहफुलांचे दिवस आले तेव्हा एका रविवारी सकाळी मी निघाले. चाकं जड, चढाला जीव निघत होता, पण उतारावर सायकल सरळ रेषेत जायची. दोन्हीकडे सागाची पानगळ झालेली, जंगलाच्या आतपर्यंत दिसत होतं, आणि हवेत मोहाचा तो गोड, जरा आंबूस वास. रपट्याच्या अलीकडे मी उतरले. मला तो उतार सायकलवरून उतरायचा होता, पण पाय धजेनात.

रस्त्याकडेच्या मोहाखाली एक म्हातारी फुलं वेचत होती. जवळच्या टोल्यावरची, चार घरांच्या वस्तीवरची, गोंड. माझ्याकडे, मग सायकलकडे बघत राहिली. टोपली खाली ठेवून जवळ आली. याच सायकलवरचा भाऊ मागच्या साली इथे पडला, म्हणाली. मी म्हटलं, तो माझा दादा. तू होतीस का बाई इथे?

ती होती. दरवर्षी याच झाडाखाली असते. तिची मराठी तोडकी होती, पण तिने सगळं हाताने करून दाखवलं. तो तिकडून येत होता, सावकाश. मग त्याने एक हात हँडलवरून काढला आणि छातीवर धरला. इथे. तिने माझा हात घेऊन माझ्याच छातीवर ठेवला. मान खाली गेली. सायकल तशीच पुढे गेली आणि दगडाला लागली.

"चाक?" मी विचारलं.

"चाक मंग मोडलं," ती म्हणाली. "मानूस पयलेच गेला होता."

तिने धावत जाऊन त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. ते बाहेर आलं. ट्रकचा आवाज आला तशी भिऊन ती झाडांत शिरली. पोलीस, साहेब, कोण काय म्हणेल. ते सांगताना तिने माझा हात सोडला नव्हता. शेवटी दादाजवळ माणूस होतं, त्याच्या ओठाला पाणी लागलं होतं, एवढं मला कळलं. आणि दुसरंही कळलं. ती बोलत होती तोवर माझ्या तळहाताखाली माझंच काळीज धडधडत होतं. बाबांचं, दादाचं, माझं, एकाच मापाचं. एवढी जाड तारांची चाकं मी निवडून आणली होती आणि ज्याच्यापासून वाचायचं ते चाकात नव्हतंच.

आईला सांगावं की नाही, हा विचार करतच मी परत आले. वर्षभर ती सायकलला दोष देत होती. त्या दोषावर तिचे दिवस निघत होते. तरीही सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, काढून ठेवली. मग म्हणाली, "तुझे बाबा पन असेच गेले. मले तवाच समजाले पाह्यजे होतं." आणि थोड्या वेळाने, पीठ झटकत, "उद्या दवाखान्यात जाऊ. दोघी."

गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, वजन कमी करा म्हणाले, गोळ्या दिल्या. सायकल चालवू का, विचारलं. चालवा, दम लागला की उतरा, म्हणाले. बुद्धाच्या तसबिरीपुढे त्या संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथून उठली नाही.

दादा ज्या वयात गेला ते वय मी ओलांडलं तेव्हा आई माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. पाहुण्यांकडे बघावं तशी. मी रविवारी निघत राहिले. आणि आलापल्लीच्या रस्त्यावर, सागाच्या सावलीत शिरल्यावर, अजूनही मागून कुणाचा तरी धापा टाकत येण्याचा आवाज येतो. भारी अंगाच्या माणसाचा, चढाला दमलेल्याचा. मी मागे वळून पाहत नाही. रस्त्याच्या कडेला जरा डावीकडे होते, त्याला जायला जागा देते.