सासूची ठासणीची बंदूक

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. ज्याच्याकडं बंदूक असेल त्यानं ती औरंगाबादेत जमा करावी, अशी दवंडी पैठणजवळच्या आमच्या वाडीत पिटली गेली. आमच्या घरात सासऱ्यांची ठासणीची बंदूक होती. ते वारल्यापासून मेंढरांवर लांडगा आला की सासूच ती उडवायची.

मी नवी सून, तिच्यासोबत गेले. कचेरीसमोर सकाळच्या धुक्यात माणसं बंदुका कुशीत घेऊन बसली होती, निजलेली लेकरं आणल्यासारखी.

साहेबानं विचारलं, "बाई, ही चालवतं कोण?"

"मीच की."

"किती लांडगे मारले?"

"एकबी नाय. नुसता बार काढते. त्यालाबी जीव हाय, पळून जातो."

साहेबानं हसून तिचं नाव वहीत लिहून घेतलं. बंदूक मात्र त्यानं ठेवून घेतली. उन्हाळ्यात सासूच्या नावानं परवाना झाला, तेव्हा ती परत मिळाली.

त्या संध्याकाळी गोदाकाठी सासूनं बंदूक ठासून माझ्या हातात दिली. "आता तू उडव."

बार निघाला. पाण्यावरचे सगळे बगळे उठले आणि कितीतरी वेळ पांढरे, सावकाश वर तरंगत राहिले. माझा खांदा ठणकत होता आणि मी हसत होते.