आण्णांची घरं आणि माझं लायसन्स

गावाकडच्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या माणसांनो, चूक माझी होती हे आधीच लिहितो. बिल्डरच्या लायसन्ससाठी केलेल्या अर्जात मी माझ्या थोरल्या भावाचं, आण्णांचं, नाव गाळलं.

दिंद्रुडच्या स्टँडवर मला सोडायला आण्णाच आले होते. गुडघे दुखत होते तरी बॅग त्यांनीच उचलली. "जा बे. उपाशी काम करू नको, आन आईला फोन करत जा," एवढंच म्हणाले. मी मात्र घुश्शातच एसटीत चढलो. आमच्याकडं घर थोरल्या मिस्त्रीच्या नावानं ओळखलं जातं. स्लॅब टाकून झाला की मालक मानाची टॉवेल-टोपी करतो, तीही थोरल्यालाच. आण्णांचे गुडघे गेल्यावरची घरं मी उभी केली, पण गावात ती आण्णा मिस्त्रीचीच राहिली. हे मला टोचायचं.

ऑस्ट्रेलियात सुतारकामावर आलो. इथं लाकडी सांगाड्यावर घर उभं राहतं, आणि स्लॅबच्या दिवशी कुणी पंगत बसवत नाही, जो तो आपला डबा उघडतो. काम शिकलो, रुळलो. मग आमच्या ठेकेदारानं धंदा बंद करायचं ठरवलं. लायसन्स मिळालं तर स्वतःचं काम, नाहीतर पन्नाशीजवळ पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. त्यासाठी स्वतःच्या जबाबदारीवर केलेल्या कामाचा अनुभव लागतो. मी ठोकून दिलं, गावाकडची सगळी घरं माझीच. आण्णा बांधत होते आणि मी नुसती घमेली वाहत होतो, तीसुद्धा.

लायसन्स कार्यालयानं गावाकडच्या घरमालकांना फोन केले. त्यांनी सरळ सांगितलं, घर आण्णा मिस्त्रीनं बांधलं. अनुभव सिद्ध होत नाही म्हणून अर्ज नामंजूर झाला.

मी अपील केलं. आण्णांना फोनवर म्हणालो, साक्ष द्यावी लागेल. नाव गाळल्याचं बोलायला मात्र जीभ उचलली नाही.

सुनावणीला आण्णा व्हिडिओवर आले, धुतलेला सदरा घालून. शेजारी दोन घरमालक बसलेले. दुभाषी बाईंचं मराठी ऐकून त्यांनी आधी विचारलं, "बाई, तुमी कुन्या गावच्या?" मग अधिकाऱ्यांचा प्रश्न आला: अर्जात तुमचं नाव का नाही?

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते तिथंच कळलं. मग म्हणाले, "धाकटा हाय माजा. इसरला आसंल."

मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं, विसरलो नाही, मुद्दाम गाळलं. सुरुवातीची घरं त्यांची, मी त्यात फक्त मजूर होतो. आता लायसन्स गेलं, असंच मला वाटलं.

"आन नंतरची?" अधिकाऱ्यांनी दुभाषी बाईंकरवी आण्णांना विचारलं.

"गुडगे गेल्यावर मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचो," आण्णा म्हणाले. "माप, सळई, मानसं, समदं ह्यानंच पाहिलं. टॉवेल-टोपी मी घेतली, थोरला म्हनून. काम ह्याचं हाय."

शेजारचा एक मालक हसला, "मंग आमी टोपी चुकीच्या डोक्यावर घातली की, आण्णा!" आण्णाही हसले, पण मान खाली घालून. गावात जपलेलं नाव त्यांनी माझ्यासाठी चारचौघांत सोडलं होतं.

खोट्याबद्दल मला कडक समज मिळाली, पण आण्णांचे गुडघे गेल्यानंतरची वर्षं माझा अनुभव म्हणून धरली गेली. अपील मंजूर झालं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. घर म्हणजे गावातली जागा, असं इतकी वर्षं समजत होतो. आता वाटतं, मी खोटा पडलो तरी ज्यानं आधी मला सांभाळून घेतलं, तो माणूस आहे तिथं माझं घर.

सकाळी फोन लावला. आण्णा म्हणाले, "झालं ना तुजं काम? मंग कावून रडतूस?"

"आण्णा," मी म्हणालो, "तुमचं नाव मी हावेपायी गाळलं. तुमच्याच हाताखाली शिकलो, आन तुमालाच पुसून टाकलं. माफ करा मला."