सासूबाईंच्या माथी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

आम्ही पवनीचे. माझी आरू जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची असताना नागपूरला तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागे मशीन अडकवायचं, त्याची चकती डोक्याला चिकटवायची — जागी असेल तेवढा वेळ. आणि सतत बोलत राहायचं तिच्याशी. हीच वर्षं महत्त्वाची, तिथल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं. मला कळलं नव्हतं का? सगळं कळलं होतं.

बोलायच्या त्या सासूबाई. कोथिंबीर निवडताना जुडी तिच्यासमोर धरायच्या, "हे पाय आरू, सांभार. सांभार म्हन." दिवसभर.

मी घरी ब्लाऊज शिवायची. कानाला मशीन लावलं की आरू प्रत्येक आवाजाला दचकायची, किंचाळायची, मांडी सोडायची नाही. काढलं की शांत. चिंध्यांशी खेळत बसायची.

एकदा काढलं. मग रोजच. नवरा दुकानात गेला की मशीन डबीत — तो यायच्या आधी पुन्हा कानाला. काम होतं म्हणून? नाही. काम नसलं तरी काढायची. मला ती गप्पच बरी वाटायची.

सासूबाई बघायच्या. "राहू दे ना वो, आयकते ते," एकदा म्हणाल्या. मी डबीचं झाकण लावलं. मशीन नसतानाही त्या आरूशी बोलतच राहिल्या.

वर्षभराने तपासणी होती. मशीन किती तास चालू होतं ते मशीनच नोंदवून ठेवतं — हे मला ठाऊक नव्हतं. मॅडमनी ते कॉम्प्युटरला जोडलं. "दिवसाला जेमतेम दोन तास?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले! — "आरू दिवसभर आईंजवळ असते. त्यायले समजत नाही."

घरी येताच तो त्यांच्यावर ओरडला. "आई, पोरीचं मशीन काहून काढून ठेवते तू?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "चुकलं बापा."

त्याच आठवड्यात त्यांना करडीला नणंदेकडे पोचवलं. त्यानंतर मी मशीन लावू लागले, तास वाढले — आणि नवऱ्याची खात्रीच पटली. पण घरात तिच्याशी बोलणार कोण? मी तोंड उघडायची, शब्दच यायचे नाहीत.

आरू आता आठ वर्षांची आहे. सहा-सात शब्द, तेही आम्हालाच कळणारे. तिच्याच सुमारास ऑपरेशन झालेली एक मुलगी साध्या शाळेत जाते. मॅडम हल्ली पुढचं काही बोलत नाहीत.

सासूबाई मागल्या वर्षी करडीलाच गेल्या. नवऱ्याने अग्नी दिला, रडला नाही. घाटावरून आल्यावर अंगणात कोणीतरी आरूची चौकशी केली, तेव्हा म्हणाला, "माह्या मायनंच पोरीची वाचा घालवली."

मी तिथेच उभी होते, आरूचा हात धरून. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.