साकवावरून जाणारी फाईल

सायकलला लावायचं जीपीएसचं कुठलं यंत्र घ्यावं, असं मला अजूनही लोक विचारतात. सिंधुदुर्गातल्या कट्टा गावच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानात संगणक आहे, आणि आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांचे रस्ते आखून यंत्रांत भरून द्यायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे मी जाणकार समजला जातो. दोन वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, माझ्यासारखं घ्या. ज्या परीक्षेच्या जोरावर हे उत्तर देत होतो, ती मी खोटी होऊ दिली होती. मी फारसा बोलत नाही. गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायचं, ही सवय घरीही सुटलेली नाही. पण हे आता सांगून टाकतो.

माझं यंत्र महागाचं. रंगीत नकाशा, बोटानं सरकणारा पडदा, आणि रस्त्याची फाईल मोबाईलवरून हवेतून येणार. बायको म्हणाली होती, "वीस वर्षां सायकल चालवतास, आता वाट विचारूक यंत्र व्हया?" खरं सांगायचं तर त्या हवेतून येणाऱ्या फायलीनं मला फार रडवलं. दुकानात नेटवर्कची एक काडी. "जोडणी होत आहे" असं लिहून एक चक्र गरगरत राही, तेवढ्यात माझी चार गिऱ्हाइकं आटपत. आणि पडद्यावर घामाचा थेंब पडला की नकाशा आपणहून सरकत पार लांबच्या तळेरे गावाला पोचायचा.

दुसरं यंत्र आमच्या म्होरक्याचं. हे निवृत्त गणिताचे मास्तर, आमच्या शेजारच्या ख्रिस्तावांच्या वाडीतले. मी त्यांना पात्रांव म्हणतो, गोव्याकडे थोरामोठ्याला म्हणतात तसं. पणजीत नोकरीला लागलेल्या लेकीनं पहिल्या पगारातून त्यांना ते पाठवलं होतं. काळा-पांढरा पडदा, बाजूला बटणं, नकाशा नाहीच. एक काळी रेघ आणि तिच्यावर चालणारा बाण. फाईल घालायची तर केबल लावायची, पेनड्राइव्हसारखं यंत्र संगणकावर उघडतं, फाईल आत टाकली की झालं. अर्धं मिनिट. पात्रांवांना त्याचं केवढं कौतुक! "बघ रे, माजी रेघ खंय हलता? तुजो नकाशो दारू पिलेल्यासारखो."

मंडळींना यंत्रं घ्यायची होती, तेव्हा दिवाळीनंतरच्या एका रविवारी परीक्षा ठरली. एकच रस्ता दोन्ही यंत्रांत भरायचा, आतल्या वाड्यांमधून मालवण गाठायचं, आणि कोण बरोबर नेतं ते बघायचं.

आता आमच्याकडच्या वाटा वर्षभर सारख्या नसतात. पावसाळ्यात व्हाळ, म्हणजे ओढे, फुगतात. पाणी ओसरलं, भातकापणी आटपली की वाडीतले लोक पोफळीचे सोट आडवे टाकून साकव, म्हणजे कच्चा पूल, घालतात, आणि तो पुढच्या पावसापर्यंत टिकतो. म्हणून माझ्याकडे त्याच रस्त्याच्या दोन फायली होत्या. एक फेब्रुवारीतली, साकवावरून जाणारी. दुसरी कॉजवेवरून वळसा घालणारी, दोन किलोमीटरनं जास्त. आदल्या संध्याकाळी घाईत पात्रांवांच्या यंत्रात मी फेब्रुवारीची फाईल टाकली. साकव तर अजून घातलाच नव्हता. ही चूक, आणि चूक कुणाचीही होते.

पुढचं मात्र चूक म्हणून खपवता येणार नाही. सकाळी दुकानासमोर सगळे जमले, यंत्रं सुरू झाली. माझ्यावर छत्तीस किलोमीटर दिसत होते. मी सहज पात्रांवांच्या हँडलकडे पाहिलं, तर चौतीस. काय झालंय ते मला तिथेच कळलं. दुकानाची चावी खिशात होती, केबल आत टेबलावर होती. अर्ध्या मिनिटाचं काम. मी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणालो, "पात्रांव, तुमी पुढे व्हा."

बांबूच्या बेटाशी फाटा येतो. माझं यंत्र डावीकडे सांगत होतं. ते उजवीकडे उतारावर गेले. साकव कधी घालतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण फाईल मी केलेली, म्हणजे बघूनच केली असणार, साकव यंदा लवकर घातला असेल, असं त्यांनी धरलं. वळणावर व्हाळ दिसला तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला, तांबड्या खडीवरून चाक घसरलं, आणि पात्रांव गुडघाभर पाण्यात बसले. फारसं लागलं नाही. एक बूट तेवढा वाहून गेला. सगळे हसले, तेही हसले. मी वरून ओरडलो, "माजा यंत्र डावीकडे सांगता हा!" तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

परीक्षेचा निकाल लागला. चौघांनी माझ्यासारखी यंत्रं घेतली. पात्रांवांनी आपलं यंत्र हँडलवरून काढलं आणि त्या दिवसापासून ते माझ्या मागून येऊ लागले. गावातल्या पोफळीच्या कुळागरांतली आडवाट न् आडवाट ठाऊक असलेला माणूस, आणि वळणावर विचारायचा, "आता खंय रे?" मी पडद्यावर बोट ठेवून सांगायचो.

यंदा दिवाळी झाली आणि एका दुपारी, बाजार बंद असताना, ते पावाच्या पिशवीत यंत्र घेऊन दुकानात आले.

"एक काम आसा. कोणाक सांगू नको," ते म्हणाले. "चेडू नाताळाक येता. ता दर फोनार इचारता, पपा, वापरतात मां? मी हो म्हणतंय. आता ता येतला आणि माजे फेरये बघूक मागतला. तर तुज्यो फायली माज्या मशिनात घाल. वीस-पंचवीस पुरे."

मी चहा मागवला. केबल लावली. यंत्र उघडलं. आत एकच फाईल होती, नावात फेब्रुवारी लिहिलेली. पात्रांव माझ्या पाठीमागे स्टुलावर बसून चहात पाव बुडवत होते, पडद्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. एक बटण दाबलं असतं तर ती फाईल कायमची गेली असती. वर माझ्या फायली टाकल्या की लेकही खूश. सायकलवाल्यांत सगळ्यांत सरळ माणूस, आणि माझ्यामुळे लेकीशी खोटं बोलत होता.

"पात्रांव, ह्या मशीन चुकूक नव्हता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"फाईल जुनी होती. साकवाची. मीच घातलेली."

"जाता रे. चूक जाता माणसाची."

"चूक नाय. निघताना माका कळलेला. तुमच्यार चौतीस होते, माज्यार छत्तीस. मी गप रवलंय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कित्याक?"

"माजा म्हागाचा जिंकाक व्हया होता."

मला वाटलं, उठून जातील. त्यांनी केबल काढून यंत्र हातात घेतलं. मग म्हणाले, "मेल्या, दोन वर्सां मी तुज्या पाठल्या दिव्याकडे बघत सायकल चालवतंय. आणि तो दिवो पण वाकडो लावलेलो आसा."

मी केबल गुंडाळू लागलो.

"माजो बूट गेलो त्या व्हाळात."

"मी दुसरो घेवन दितंय."

"बूट नको. रविवारी ह्या मशीन तुज्या सायकलीर. तीच फाईल. पुढे तू."

"पण साकव अजून घालूक नाय."

"ता माका म्हायत आसा."

रविवारी सगळ्यांसमोर, दुकानाच्या पायरीवर, मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. चौघं महागवाले माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की विचारू नका. एकानं तर तिथेच विचारलं, "मगे माजा परत घेतंस?" पात्रांव माझं यंत्र घेऊन बाकीच्यांसकट आधीच कॉजवेवरून गेले. मी एकटा रेघेमागून निघालो. आणि सांगायला हवं, ती रेघ तसूभर हलली नाही. बांबूच्या बेटाशी यंत्रानं टुणकन आवाज करून उजवीकडे वळवलं, उतारावर मी उतरून चालत गेलो, सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यात शिरलो. पलीकडच्या काठावर सगळी मंडळी थर्मास उघडून बसली होती.

"मशीन काय म्हणता?" पात्रांव ओरडले.

मधोमध उभा राहून मी बघितलं. बाण रेघेवर होता. "बरोबर वाटेर आसंय म्हणता!"

"मगे येत रव!"

त्या दिवसाची फाईल आम्ही केबल लावून संगणकावर घेतली आणि त्यांनी ती माझ्या नावानिशी लेकीला पाठवली. माझी एकही फाईल त्यांनी आपल्या यंत्रात घालून घेतली नाही. आता ते पुन्हा पुढे असतात, काळी रेघ हँडलवर, आणि वळणावर मान न वळवता ओरडतात, "डावीकडे रे, म्हागाच्या!"

यंत्र विचारायला येणाऱ्याला मी आता दोन्ही दाखवतो. नकाशा हवा तर हे, फाईल पटकन आणि भरवशानं जायला हवी तर ते. मग व्हाळाचीही गोष्ट सांगतो.

परवा पात्रांव सांगत होते, "चेडवाक सगळा सांगलंय. मशीन दोन वर्सां कपाटात होता म्हणून. ता इचारी, कित्याक? मी म्हटलंय, कारण कट्ट्याक दुकानात बसला आसा, येशीत तेवा बघ."

नाताळ आठवड्यावर आला आहे. मी केबल पुसून ठेवली आहे, आणि दुकानातलं दुसरं स्टूलही.