जिन्याची पाटी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होतो. नर्सने आधी आमचं आडनाव नीट उच्चारायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला आणि सांगितलं, तुमची पत्नी सकाळी गेली. मी "डांके" म्हणालो आणि फोन ठेवला. बायको गेल्याचं सांगणाऱ्या बाईचे मी आभार मानले... इथे इतकी वर्षं काढली की तोंडातून तेच निघतं. मग राहिलेले तीन बटाटे सोलून पाण्यात टाकले आणि मुलाला कळवलं. भाजी दोघांची होती. दुपारी डबा घेऊन तिच्याकडेच जायचं होतं.

याला सात आठवडे झाले. इथे जर्मनीत आखनला शिकणाऱ्या आपल्याकडच्या दोन मुली दर महिन्याला तिच्याकडे पिठलं-भात खायला यायच्या. त्यांनीच सांगितलं, काका, आपल्याकडच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी बाईंबद्दल लिहा. मी म्हटलं, मी चौथी पास माणूस. तर म्हणतात, "पण बाईंनी तुम्हाला शिकवलंय ना?" म्हणून लिहितोय.

तिचं नाव सुमन. लग्नाआधी मिरजेला मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. मी लेथवर काम करायचो. शिकलेली मुलगी अशा माणसाला का दिली, असं लोक बोलले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुढे आमच्या कारखान्याने जर्मन यंत्रं घेतली, ती शिकायला मला सहा महिन्यांसाठी इकडे पाठवलं आणि इथल्या मिस्त्रीने मला ठेवूनच घेतलं. वर्षभराने सुमन बोटीने आली. शाळेची कायमची नोकरी सोडून आली. आखनपासून तासाभरावरचं हे गाव, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर गिरणीची चिमणी. पन्नासचं दशक संपत आलं होतं.

आल्यावर पंधरा दिवसांत आमच्या दाराच्या मुठीला कोणीतरी एक लाकडी पाटी अडकवून गेलं. त्यावर रंगवलेली अक्षरं, खाली झाडूचं चित्र. तिला वाचता येईना, मला तर येण्याचा प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "अहो, नव्या बिऱ्हाडाला वाण दिलंय कोणीतरी." पाटीला कुंकवाचं बोट लावून तिने ती देवांच्या फळीशेजारी टांगली, आणि रिकाम्या हाताने कसं राहायचं म्हणून तळमजल्यावरच्या फ्राऊ केसेलना बेसनाचे लाडू देऊन आली. तीन आठवडे जिना कोणीच पुसला नाही. ती पाटी म्हणजे जिना पुसायची पाळी होती. ज्याच्या दाराला लागेल त्याने आठवडाभर जिना स्वच्छ ठेवायचा आणि शनिवारी पाटी पुढच्या दाराला लावायची. सगळी बिऱ्हाडं पाटीची वाट बघत बसली होती आणि पाटी आमच्या घरी कुंकू लावून बसली होती! शेवटी फ्राऊ केसेल बादली घेऊन वर आल्या. देवांकडे बघितलं आणि जिन्यातच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "जिना पुसायला देवांना लावलंत होय!" त्यांचं एवढं बोलणं मला कळलं, मी सुमनला सांगितलं, तर तीही त्यांच्याशेजारी पायरीवर बसून हसायला लागली. मला काही हसू आलं नाही. मला लाज वाटली.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. सुमन जर्मन जिन्यातच शिकली. वरून खाली पुसत यायचं, प्रत्येक पायरीला एक शब्द. मग केसेलांच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक आणलं. दोन वर्षांत ती वर्तमानपत्र वाचायला लागली. मी कारखान्यातल्या शंभरेक शब्दांवर चालवून नेत होतो. घरी आलेलं प्रत्येक पत्र तीच वाचून दाखवायची.

तेवढ्यात गावात इटलीहून कामगार यायला लागले, आणि त्यांची पोरं शाळेत नुसती खिडकीबाहेर बघत बसायची. शाळेच्या मोठ्या बाईंना फ्राऊ केसेलनी सुमनचं नाव सुचवलं. दुपारी त्या पोरांना भाषा आणि गणित शिकवायचं. त्या काळात नवऱ्याची संमती विचारायचे, म्हणून तिने कागद आणून माझ्यापुढे ठेवला. मी नाही म्हणालो.

"आपल्या घरातली बाई कामाला जात नाही," मी म्हटलं.

"मिरजेला जात होते की."

"ती मिरज."

तिने कागदाची घडी घातली आणि पळी-डावाच्या ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय. मला भीती वाटली. दिवसभर शिकलेल्या माणसांत वावरायचं आणि संध्याकाळी येऊन नवऱ्याला त्याचीच पत्रं वाचून दाखवायची... कधीतरी तिला माझी किंमत कळेल, असं वाटलं. ती तर तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत होती. हे मला कळायला चार वर्षं लागली.

त्या चार वर्षांत मुलगा झाला. ती स्वयंपाक करायची, शिवण करायची, दर पाळीला जिना पुसायची. एकदाही फुगली नाही. फुगली असती तर भांडून मोकळा झालो असतो. मग कारखान्यात मला वरची जागा देऊ केली, पण लेखी परीक्षा होती. मी साहेबाला नको म्हणून आलो आणि घरी बोललोच नाही. फ्राऊ केसेलांचा नवरा आमच्याच खात्यात, त्यामुळे सुमनला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने मला ओट्याशेजारच्या टेबलाशी बसवलं. सहा महिने, रोज जेवणाआधी. "लेथवर केसाएवढा फरक कळतो आणि दोन अक्षरांतला कळत नाही? मिरजेला माझ्या वर्गात असता ना, तर बाकावर उभं केलं असतं."

"तिथे मुलींची शाळा होती."

"म्हणून वाचलात."

मी पास झालो. त्या शनिवारी आमची पाळी संपत होती. तिने मुठीवरची पाटी काढली, पण पुढच्या दाराला लावायला गेली नाही. आत येऊन माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवली. "जिना मी पुसलाय. आता तुमची पाळी." आणि ड्रॉवरमधला तो कागद पुढे ठेवला. घडीवर हळदीचा डाग पडला होता. मी तो पहिल्यांदा स्वतः वाचला. पाच ओळी होत्या. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सही केली.

मोठ्या बाईंना नवीन कागद करावा लागला, पण जागा होती. इटालियन पोरं, पुढे स्पॅनिश, मग तुर्की. निवृत्त होईपर्यंत ती शिकवत राहिली. अंत्यविधीला टक्कल पडलेला एक गृहस्थ आला होता. मला म्हणाला, हातचा घ्यायला यांनी शिकवलं, आणि रडला. मी त्याचा हात धरून उभा राहिलो. मनात हिशेब भलताच चालू होता... त्या चार वर्षांतली पोरं आज कुठे कुठे म्हातारी होत असतील, तिच्या हाताखालून न जाता.

नंतर जिना पुसायला बाहेरची माणसं यायला लागली, तेव्हा फ्राऊ केसेलनी पाटी सुमनलाच देऊन टाकली. म्हणाल्या, वाण आहे तुमचं. तिने स्वयंपाकघरात दोन खिळे मारून घेतले, एक तिचा, एक माझा. पाटी ज्याच्या खिळ्यावर, त्याने आठवडाभर भांडी घासायची. दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा, कोट घातलेला, एक हात चौकटीला, अशी ती थांबली आणि दुसऱ्या हाताने पाटी माझ्या खिळ्यावर सरकवली. "आल्यावर माझी," म्हणाली.

गेल्या शनिवारी मी ती तिच्या खिळ्यावर लावून बघितली. मग परत माझ्या खिळ्यावर आणली आणि भांडी घासायला घेतली. एक ताट, एक वाटी, एक पातेलं.